खिन्न मनाचा नाताळ

डिसेंबर सरत आला की ख्रिस्ती वस्त्यांतून एक निराळीच लगबग सुरू होते. घराघरांवर कागदी चांदण्या झुलू लागतात, ओसरीवर गवताच्या काड्यांनी गव्हाणीचा देखावा सजतो आणि दिवाळीशी थेट नाते सांगणाऱ्या करंज्या, शंकरपाळे व लाडू यांचा खमंग वास गल्लीभर दरवळतो. रात्र पडली की पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन गाणाऱ्यांची मंडळी दारोदार फिरते. आनंदाची वार्ता सांगणारा हा सण. त्यात दुःखाला जागाच नाही, असा आपला समज असतो. परंतु वाचकहो, सणाच्या दिवसांत ज्यांचे मन अधिकच काळवंडते, अशी माणसे प्रत्येक वस्तीत असतात, आणि इतरांच्या हर्षाने त्यांचा एकटेपणा दुणावतो. त्यांच्याविषयी सणाच्या पानावर सहसा लिहिले जात नाही. आज आम्ही ते लिहावयाचे ठरविले आहे, कारण त्यात आमच्या हातून घडलेला एक प्रमादही आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अहिल्यानगर हे नाव मिळण्याआधीच्या अहमदनगरात आम्ही एका स्नेह्याकडे नाताळासाठी मुक्कामास होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने ज्या नगरीने त्यांच्या हयातीतच ऐकली, तिथला नाताळ पाहण्याची आम्हांस फार दिवसांची हौस होती. गाणाऱ्या मंडळींबरोबर आम्हीही निघालो. एका निवृत्त शिक्षकाच्या दाराशी सारे थांबले. हे गुरुजी दरवर्षी या मंडळींच्या अग्रभागी पेटी घेऊन असत. आज त्यांच्या घरावर चांदणी नव्हती. तीन गाणी झाली, ढोलकी थांबली, पण दार काही उघडले नाही. खिडकीच्या फटीतून दिव्याची रेघ मात्र दिसत होती. मंडळी पुढे निघाली, आणि कोणीतरी हळूच म्हणाले, "बाई गेल्यापासून गुरुजींचा विश्वास डळमळला. प्रार्थना सोडली की असंच व्हायचं." त्यावर चार जणांनी मान डोलावली. त्या चौघांत आम्हीही होतो.

पुढे बायबलची पाने उलटताना आमची आम्हांलाच लाज वाटली. खचलेले मन म्हणजे खचलेला विश्वास, हे समीकरण त्या ग्रंथास मुळीच मान्य नाही. जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याचे उदाहरण घ्या. कर्मेल डोंगरावर त्याने आपल्या देवाचा विजय डोळ्यांनी पाहिला, आणि त्यानंतर थोड्याच काळात ईजबेल राणीच्या धमकीने तो पळत सुटला. वाळवंटात एक दिवसाची वाट चालून गेल्यावर एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. आता देवाने काय करावे? उपदेश? झाडाझडती? मुळीच नाही. एलीया झोपी गेला, त्याला झोपू दिले. मग देवदूताने स्पर्श करून उठविले, तो उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खाऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठविले, पुन्हा खाऊ घातले. त्यानंतर चाळीस दिवस चालून तो होरेब पर्वतास पोहोचला, आणि तिथे वारा, भूकंप व अग्नी यांच्यामागून आलेल्या एका मंद स्वरात त्याला प्रश्न विचारला गेला. आधी निद्रा, अन्न, पाणी आणि चालणे, मग संवाद, आणि शेवटी अलीशाच्या रूपाने एक सोबती! एखाद्या जाणत्या वैद्यानेही याहून निराळा क्रम लावला नसता.

हाच धागा पुढे इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती संन्याशांनी उचलला. भर दुपारी एकांतात मनावर चालून येणाऱ्या ग्लानीला ते 'अकेडिया' म्हणत. कशातच रस नाही, खोलीत बसवत नाही आणि उठवतही नाही, अशी ती अवस्था. संत अँथनी या आद्य संन्याशाविषयी अशी कथा आहे, की या ग्लानीने बेजार होऊन त्याने देवाला उपाय विचारला, तेव्हा त्याच्यासारखाच एक पुरुष त्याला दिसला. तो बसून दोर वळी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी. एवढाच दृष्टान्त. प्रार्थनेइतकीच दोर वळणाऱ्या हातांची किंमत त्या वाळवंटी लोकांना कळली होती.

नगरच्या त्या घराचे दार दुसऱ्या दिवशी सकाळी उघडले, ते तिथल्या पाळकसाहेबांनी. उपासना आटोपून ते थेट गुरुजींकडे गेले आणि आमच्या स्नेह्यांबरोबर आम्हीही मागोमाग गेलो. पवित्र शास्त्रातील एखादे वचन वाचून बोध केला जाईल, अशी आमची अटकळ होती. पाळकसाहेबांनी खुर्ची ओढली, बराच वेळ काहीच न बोलता बसले आणि मग म्हणाले, "गुरुजी, गच्चीवरच्या बाईंच्या कुंड्या वाळल्यात. पाण्याची झारी कुठे ठेवलीय?" गुरुजी जागचे हलले नाहीत. पाळकसाहेब स्वतःच वर गेले आणि पाणी घालून आले. निघताना एवढेच म्हणाले, "उद्या पुन्हा येतो. परवा आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ. मी वेळ घेतलीय."

त्यानंतर आम्ही गुरुजींना भेटलो ते फेब्रुवारीत, त्याच गच्चीवर, कोवळ्या उन्हात. औषध सुरू झाले होते. चेहरा ओढलेला होता, पण ते बोलत होते. आयुष्यभर इंग्रजी शिकविलेला माणूस! मोगऱ्याच्या वाळक्या फांद्या छाटता छाटता त्यांनी विचारले, "कूपर कवी वाचलाय तुम्ही? त्याचे ससे ठाऊक आहेत?" आम्हांस ठाऊक नव्हते. त्यांनी जे सांगितले आणि आम्ही मागाहून जे वाचले, ते येथे सविस्तर देतो.

विल्यम कूपर हा अठराव्या शतकातील इंग्रज कवी. जन्म १७३१ चा. सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि ती जखम अखेरपर्यंत भरली नाही. कायद्याचे शिक्षण झाले. १७६३ मध्ये पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहातील एका कारकुनी जागेसाठी त्याला परीक्षेस उभे राहावयाचे होते. त्या नुसत्या भीतीने या लाजाळू माणसाच्या मनाचा तोल सुटला, आणि त्याने जीवन संपविण्याचेही प्रयत्न केले. आप्तांनी त्याला सेंट ऑल्बन्स येथील डॉक्टर नथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात ठेवले. वेड्यांना साखळदंडाने बांधण्याच्या त्या काळात हा डॉक्टर मायाळू निघाला, हे कूपरचे भाग्य. तिथल्या बागेतील एका बाकावर त्याच्या हाती बायबल आले, आणि १७६४ मध्ये देवाच्या क्षमेविषयीचे एक वचन वाचताना त्याच्या मनावरचे मळभ एकाएकी फाटले.

गोष्ट येथेच संपली असती तर ती एखाद्या प्रचारपत्रकात शोभली असती. पण तशी ती संपत नाही.

बरा होऊन तो अन्विन नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबात राहू लागला. यजमान घोड्यावरून पडून वारल्यावर त्यांची विधवा मेरी अन्विन आणि कूपर ओल्नी या गावी आले. तिथे उपदेशक होता जॉन न्यूटन. एके काळी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान, पुढे त्या पापाचा पश्चात्ताप करणारा धर्मसेवक. दोघांची गाढ मैत्री जमली. दोघांनी मिळून उपासनेसाठी गीते रचण्यास आरंभ केला. आणि १७७३ च्या प्रारंभी कूपरवर पुन्हा काळोख कोसळला. त्याला एक स्वप्न पडले. देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे, असा त्याचा त्याने अर्थ लावला. त्यानंतर तो उपासनेस कधी गेला नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना चालू असता, आपला तिच्याशी संबंध नाही हे दाखविण्यासाठी तो काटासुरी हाती धरून बसे, असे चरित्रकार सांगतात. ज्याची गीते गाऊन इतर लोक धीर मिळवीत, तो स्वतः मात्र त्या धीरातून आपले नाव खोडून बसला होता.

येथे न्यूटनची थोरवी दिसते. त्याने मित्राला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. वादविवादाने त्याची समजूत पटत नाही, हे कळल्यावरही त्याने त्याला घराबाहेर काढले नाही. १७७४ च्या उन्हाळ्याच्या सुमारास कूपर आपल्या घरी परतला, तो पुस्तक वाचण्याच्याही अवस्थेत नव्हता. शेजारच्या मुलांनी पाळलेले सशाचे एक पिल्लू आबाळीने मरणपंथास लागले होते. ते त्याने मागून घेतले. ही बातमी पसरताच गावकऱ्यांनी इतकी पिल्ले आणून दिली की नकार देता देता पुरेवाट झाली. त्यांतून तीन त्याने ठेवली: पस, टायनी आणि बेस. नावे बायकी, पण तिघेही नर! हे आपल्या घरोघरी पिंजऱ्यात दिसणारे पांढरे ससे नव्हेत. भित्रा, माणसाला सहसा न जुमानणारा रानससा. कूपरने स्वतःच्या हातांनी त्यांच्यासाठी लाकडी घरकुले बनविली.

पस आजारी पडला तेव्हा कूपरने त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर पसने त्याचा हात, पालथा, तळवा आणि बोटांच्या फटींसकट चाटून काढला. पुढे तो इतका माणसाळला की गुडघ्यावर पायांनी ताल धरून आणि कोटाचे टोक दातांत ओढून कूपरला बागेत नेई आणि काकडीच्या वेलाच्या पानांखाली झोपे. बेस लवकरच मेला. टायनी मात्र अखेरपर्यंत माणसाळला नाही. हात लावला की गुरगुरे, पुढच्या पायांनी फटकारे, चावे घेई. आजारात त्याचीही सेवा झाली होती, पण उपयोग शून्य. कूपरने त्यालाही आठ-नऊ वर्षे सांभाळले, संध्याकाळी दिवाणखान्याच्या गालिच्यावर बागडू दिले आणि तो मेल्यावर त्याच्यावर मृत्युलेखही रचला. पस जवळजवळ बारा वर्षे जगला. १७८४ मध्ये 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये कूपरने या सशांची हकीकत प्रसिद्ध केली. मनाच्या कोणत्या अवस्थेत आपण त्यांना जवळ केले, हे त्याने त्यात लपविले नाही.

सशांच्या जोडीला सुतारकाम आले, चित्रे काढणे आले, काचघरातील रोपे आणि काकड्या-खरबुजांचे वाफे आले, ऊझ नदीकाठचे रोजचे फिरणे आले. मग लेडी ऑस्टेन ही हसरी शेजारीण आली. तिने एका संध्याकाळी उधळलेल्या घोड्यावर बसलेल्या कापडदुकानदाराची गोष्ट सांगितली आणि रात्रभर हसत कूपरने त्यावर 'जॉन गिल्पिन' हे विनोदी काव्य रचले. कशावर लिहू, असे त्याने विचारता तिने कोचावर लिही असे थट्टेने सुचविले, आणि त्यातून 'द टास्क' हे १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेले दीर्घकाव्य जन्मले. न्यूटनबरोबरची गीते 'ओल्नी हिम्स' या नावाने १७७९ मध्येच छापली गेली होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्धही त्याने पुढे लेखणी चालविली.

आणि तरीही तो पूर्ण बरा झाला नाही. १७९६ मध्ये मेरी अन्विन वारल्या. १८०० च्या एप्रिलमध्ये कूपर गेला, तो आपण त्यागलेले आहोत या समजुतीतच. गुरुजी हे सांगताना कात्री बाजूला ठेवून म्हणाले, "लोक मला विचारतात, विश्वासानं माणूस बरा होतो का? मी त्यांना कूपर सांगतो. तो बरा झाला नाही. पण पहिल्या काळोखानंतर तो छत्तीस वर्षं जगला. त्या वर्षांचं काय करायचं?"

या प्रश्नाने आम्हांस विचारात पाडले. श्रद्धा असली की औषधाची गरज नाही, असे म्हणणारे एका टोकाला. श्रद्धा हा केवळ मनाचा खेळ, असे म्हणणारे दुसऱ्या टोकाला. कूपरचे चरित्र दोघांनाही अडचणीचे आहे. आजारी मन श्रद्धेचेही विष करू शकते, हे त्यात उघड दिसते. देवाच्या कोपाच्या शिकवणीतून त्याच्या आजाराने स्वतःसाठी नेमका फाशीचा निकाल निवडला. अशा माणसाला आणखी प्रार्थना कर म्हणून बजावणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळावयास सांगणे. परंतु ज्यांनी त्याला तगविले, त्या मेरी अन्विन आणि न्यूटन या दोघांना तगविणारी शक्ती कोणती होती? ती श्रद्धाच होती. रुग्णाची श्रद्धा लुळी पडली तेव्हा त्याच्या वाटची श्रद्धा मित्रांनी धरून ठेवली. मंडळी या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ आम्हांस त्या दिवशी काहीसा उमगला.

चार्ल्स स्पर्जन या एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या नामांकित उपदेशकाचीही अशीच साक्ष आहे. १८५६ च्या ऑक्टोबरात त्याच्या सभेत कोणी आग लागल्याची खोटी आवई उठविली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे मेली. बावीस वर्षांचा हा वक्ता त्या धक्क्याने पार कोलमडला, आणि औदासीन्याने पुढे जन्मभर त्याची पाठ सोडली नाही. आपल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या एका व्याख्यानात त्याने हे आडपडदा न ठेवता सांगितले, आणि बंद खोलीत पुस्तकांत कुढत बसण्यापेक्षा रानात भटका, समुद्राचा वारा खा, असा सल्ला दिला. प्रवचनकाराच्या तोंडी हा सल्ला ऐकून त्या काळच्या सोवळ्या श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील!

निसर्गाच्या उपायांविषयी मात्र थोडे सावधपणे लिहिले पाहिजे. उरुळीकांचनचे, १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने निघालेले निसर्गोपचार आश्रम ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ऊन, पाणी, माती आणि मिताहार यांची महती नव्याने सांगावयास नको. नियमित चालण्या-फिरण्याने सौम्य व मध्यम नैराश्य उणावते, सकाळचा उजेड व वेळेवरची झोप मनाचे घड्याळ ताळ्यावर आणतात, हे आजचे वैद्यकही मान्य करते. पण 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी', ही समजूत धोक्याची. युरोपात एक पिवळ्या फुलांची वनस्पती आहे, 'सेंट जॉन्स वर्ट' नावाची. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या २४ जूनच्या सणाच्या सुमारास ती फुलते म्हणून हे नाव. त्याच सणाला आपल्या गोव्यात फुलांचे मुकुट घालून तरुण विहिरींत उड्या घेतात. खिन्नतेवर ती वनस्पती लोक शतकानुशतके वापरीत आले आणि सौम्य व मध्यम आजारात तिचा गुण येतो, असे आधुनिक परीक्षणांतही दिसले. परंतु नैराश्यावरील गोळ्यांबरोबर ती घेतल्यास जिवावर बेतू शकते, आणि रक्त पातळ करणारी औषधे किंवा संततिनियमनाच्या गोळ्या यांचा प्रभाव ती घटविते. ही औषधी आता बाटल्यांतून सर्वत्र मिळते, म्हणून हा इशारा.

गोळ्यांचेही तसेच. त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागताच त्या मनानेच बंद करणे चुकीचे. गुरुजींनी हा प्रमाद एकदा केला. मे महिन्यात त्यांनी गोळ्या सोडल्या, पावसाळ्याच्या तोंडी ते पुन्हा अंथरुणाला खिळले आणि कुंड्या पुन्हा वाळल्या. पाळकसाहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी झारी शोधली नाही, बरोबरच आणली होती.

ज्या घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न असेल, ज्याची झोप व भूक हरपली असेल, आणि विशेषतः जो मरणाची भाषा बोलत असेल, त्या घराने सण संपण्याची वाट पाहू नये. डॉक्टर गाठावा. तो जवळ नसेल तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पुढच्या नाताळाला आम्ही मुद्दाम नगरास गेलो. गाणारी मंडळी त्याच गल्लीतून निघाली. गुरुजींच्या घरावर चांदणी होती, जरा वाकडी लावलेली. दार उघडे होते आणि उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून, अंगावर शाल घेऊन गुरुजी बसले होते. मांडीवर करंज्यांचे ताट. आदल्या वर्षी ज्याने ते वाक्य उच्चारले होते, तो गृहस्थ मान खाली घालून आमच्या शेजारीच उभा होता. कोणीतरी पेटी त्यांच्यापुढे सरकविली. गुरुजींनी तिच्यावर हात ठेवला, पण भाता उघडला नाही.

"मला अजून जमायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणा. मी ऐकतो."

पेटी दुसऱ्या कोणी घेतली आणि गाणे सुरू झाले. तिसऱ्या कडव्यापर्यंत ताट आमच्याकडे आले.